एक शिक्षक, एक मूल, एक कौशल्य: प्रशिक्षण वर्गात कसं न्यावं

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण ठरवायची जबाबदारी तुमच्याकडे आली असेल, तर विषयांची यादी करायला लगेच बसू नका. 'स्वमग्नतेची ओळख', 'अध्ययन अक्षमता म्हणजे काय' अशी सत्रं मीही घेते आणि त्यांची गरज आहेच. पण कानांवर हात दाबून टेबलाखाली बसलेल्या मुलापाशी उद्या सकाळी काय करायचं, हे त्या सत्रातून शिक्षकाच्या हाती लागत नाही. आधी मी विशेष शिक्षिका होते, आता शिक्षकांना शिकवते. प्रशिक्षणाचा मोठा भाग त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच मुलांसोबत व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं. माहिती ऐकली, प्रात्यक्षिक पाहिलं, आपापसात सराव केला, तरी नवी पद्धत रोजच्या शिकवण्यात टिकतेच असं नाही. ती टिकायला नंतर वर्गात कुणीतरी सोबत लागतं. तेव्हा तुमच्याकडे वेळ आणि पैसा मोजकाच असेल, तर मोठ्या वक्त्यापेक्षा ही सोबत आधी पक्की करा.

सुरुवात शिक्षकाला विचारून करा: तुमचा तास नेमका कुठे अडतो? 'तो ऐकतच नाही' या उत्तरावर थांबू नका. कोणती सूचना ऐकत नाही? त्याच्या आधी काय चाललं होतं? नंतर काय झालं? वहीत तीन रकाने आखायला सांगा: आधी, वागणं, नंतर. आठवडाभर एवढीच नोंद ठेवायची. 'चिडला' असं लिहायचं नाही, 'वही खाली टाकली' असं लिहायचं. म्हणजे डोळ्यांना दिसलं तेवढंच. एका वर्गात एक मुलगी वारंवार वही फाडायची आणि सगळे तिला हट्टी म्हणायचे. रकाने भरल्यावर दिसलं की वही फाटते ती फळ्यावरचं उतरवून घेतानाच, आणि फाटली की लिहिणं थांबतं. मग तिच्या शिक्षिकेला 'वर्तन समस्या' या विषयावरच्या व्याख्यानाची गरज उरली नाही. दोन गोष्टी शिकायच्या होत्या: मजकूर छापून तिच्या टेबलावर देणं, आणि 'मला थांबायचंय' हे कार्ड दाखवायला तिला शिकवणं. कार्ड दाखवलं की सुरुवातीला लगेच थांबू द्यायचं, प्रत्येक वेळी. इथे शिक्षिकेचा धीर सुटतो, कारण मूल आपल्याला खेळवतंय असं वाटतं. म्हणून नेमक्या याच दिवसांत कुणीतरी तिच्या शेजारी असावं लागतं.

नोंदींवरून प्रत्येक शिक्षकासाठी एक मूल आणि एक कौशल्य ठरवा. एकच. मी बहुतेकदा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबण्यापासून सुरुवात करते. अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत असल्याचं त्यांना आढळलं. हा वेळ तीन सेकंदांच्या वर गेला की उत्तरं लांबत होती आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत होती. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायलाच जास्त वेळ लागतो, त्याला मी याहूनही जास्त देते. शिक्षकाला मनातल्या मनात आकडे मोजायला लावा. तेवढ्या वेळात प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचा नाही, कारण त्या मुलासाठी तो नवाच प्रश्न होतो आणि विचार पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

दुसरं कौशल्य मदत कमी करत नेण्याचं. हात धरून बटण लावून देणं सगळ्यांना जमतं, तो हात काढून घेणं शिकवावं लागतं. आधी हातावर हात, मग फक्त कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण, मग नुसतं थांबणं: हा क्रम कागदावर लिहून घ्या, आणि आज कोणत्या पायरीवर आहोत ते वर्गातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असू द्या. एकाने हात काढायचा आणि दुसऱ्याने पुन्हा धरायचा, असं झालं की मूल मदतीची वाट पाहायला शिकतं.

प्रत्येक मोठ्या माणसाला, म्हणजे मदतनीस ताईंनासुद्धा. मुलाला जेवू घालताना, स्वच्छतागृहात नेताना, रडू आवरताना बहुतेक वेळा त्याच असतात, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी मात्र त्यांना मुलं सांभाळायला मागे ठेवलं जातं. मला हे फार खटकतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २४ शिक्षणाच्या सर्व स्तरांवर काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल बोलतं. त्यात मदतनीस येतात असं धरूनच वेळापत्रक आखा.

आता सत्र. नव्या पद्धतीचं कारण थोडक्यात सांगा, करून दाखवा, मग दोघादोघांत सराव घ्या: एक शिक्षक, एक मूल. मूल झालेल्याला खऱ्या मुलासारखं वागू द्या, म्हणजे उत्तर न देणं, उठून जाणं, कार्ड फेकणं. सगळं सुरळीत पार पडलं तर त्या सरावाचा उपयोग नाही.

त्यानंतर वर्गात जा. पंधरा मिनिटं पुरतात. ठरलेलं कौशल्य तेवढंच पाहा. फळ्यावरचं अक्षर, वर्गाची मांडणी यांवर त्या दिवशी बोलू नका. प्रतिक्रिया त्याच दिवशी द्या आणि ती पाहिलेल्या क्षणाबद्दल असू द्या: 'तुम्ही थांबलात तेव्हा त्याने चित्राकडे पाहिलं आणि बोट ठेवलं.' 'छान शिकवता' म्हटल्याने उद्या काय पुन्हा करायचं ते कळत नाही. चित्रफीत काढणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या, ती फक्त त्या शिक्षकासोबत पाहा आणि काम झालं की पुसून टाका. निरीक्षणाचा कागद मूल्यमापनाच्या फाइलला लावू नका. एकदा लावलात की पुढच्या वेळी तुम्हाला बसवून घेतलेला तास पाहायला मिळेल, अडलेला नाही.

मुख्याध्यापकांकडून मी एकच गोष्ट मागते: आठवड्यातला एक मोकळा तास, ज्यात त्या शिक्षकाला बदली तासावर पाठवायचं नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ (मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणारे) येत असतील तर त्यांचीही वेळ तिथेच जुळवा, म्हणजे मुलाला वेगळ्या खोलीत जमलेली गोष्ट वर्गात कशी आणायची ते समोरासमोर ठरतं.

प्रशिक्षण उपयोगी पडलं का, हे समाधानाच्या फॉर्मवरून ठरवू नका, मुलाच्या नोंदीवरून ठरवा. सुरुवातीला मदतीशिवाय किती वेळा करत होता, आता किती वेळा करतो? काही आठवड्यांत फरक दिसला नाही, तर मुलावर शिक्का मारण्याआधी वर्गात जाऊन पाहा की ठरलेली पद्धत ठरल्याप्रमाणे वापरली जाते का. जात नसेल तर शिक्षकाला आणखी सराव द्या. जात असेल तर पद्धत बदला, आणि तीन रकान्यांची वही पुन्हा उघडा.