पात्रता फेरीआधीचा सराव सामना: या चुका टाळा

१९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये फुटबॉलच्या सराव सामन्यात भारताने मालदीवला ३-० हरवलं. निवृत्ती मागे घेऊन आलेल्या सुनील छेत्रीने हेडरवर गोल केला आणि दुसऱ्या दिवशी मिरजेच्या ग्राउंडवर आमची निम्मी पोरं उगाचच उड्या मारून डोक्याने चेंडू मारत होती. सहा दिवसांनी त्याच स्टेडियममध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा पहिला सामना झाला. समोर बांगलादेश, निकाल ०-०. "सर, परवा तर तीन मारलं होतं की!" आमचा एक पोरगा कळवळून म्हणाला. जणू ते तीन गोल कुणीतरी आणायचे विसरून आलं होतं.

तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कुस्तीचं मैदान तोंडावर आलं की वस्ताद आपल्या पठ्ठ्याला कुणाशी झोंबवतो, यावर पुढचं बरंच ठरतं. अंगावरच न येणाऱ्या जोडीदाराला दहादा चीतपट केलं तरी दम किती आहे ते कळत नाही. मालदीवचा सामना नुरा, म्हणजे आधीच ठरवून खेळलेला, होता असं मी म्हणत नाही, पण तो काटाजोडही नव्हता. मिरजेत मी सोळा-सतरा वर्षांची पोरं खेळवतो. आमची धाव जिल्हा निवडीपर्यंतची, पण या चुका आम्हीही इमानेइतबारे केल्या आहेत.

जोड चुकीची लावली

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सराव सामन्यासाठी 'कोण मिळतंय' हे आपण आधी बघतो, 'पुढे कोण येणार आहे' हे नंतर. बांगलादेशकडून त्या दिवशी इंग्लंडमध्ये खेळणारा हमझा चौधरी पहिल्यांदाच उतरला होता. मधल्या फळीत तसा माणूस समोर असताना आपला पास कसा निघतो, हे मालदीवशी खेळून कळायला मार्गच नव्हता.

आमचं सांगतो. एका वर्षी सांगलीच्या एका कॉलेज संघाला आम्ही सराव सामन्यात ६-० धुतलं. पोरं हवेत, मी पण थोडा हवेतच. पुढच्या आठवड्यात स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत समोरच्यांनी दहाच्या दहा माणसं चेंडूच्या मागे उभी केली. आम्ही तासभर भिंतीला धडका मारत होतो. एकदाच त्यांचा एक पोरगा पळाला आणि ०-१. सराव सामन्यात आमच्यावर कधी थांबायची, चेंडू इकडून तिकडे फिरवून वाट बघायची वेळच आली नव्हती.

उपाय सोपा आहे, फक्त लाज सोडावी लागते. समोरच्या कोचला आधी फोन करून स्पष्ट सांगा, "पहिली तीस मिनिटं तुमची सगळी पोरं मागं ठेवा. दुसऱ्या हाफमध्ये तुम्हाला पाहिजे तसं आम्ही खेळतो." मैत्रीपूर्ण सामनाच आहे, नाही म्हणणारा कोच मला अजून भेटलेला नाही. कुणीच मिळालं नाही तर आपल्याच संघात अकरा विरुद्ध चौदा लावा आणि चौदांना मैदानाची मधली रेघ ओलांडायला बंदी करा. आणि तगडा संघ हवा असेल तर कोल्हापूर मिरजेपासून तासाभरावर आहे. तिथल्या पेठापेठांत फुटबॉल मुरलेला आहे, हरायची सोय उत्तम होते.

तपासणी आणि रंगीत तालीम यांची गल्लत

"तगड्याशी खेळलो आणि पोरांचा धीर खचला तर?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. लोक २०२५ च्या जूनचा दाखला देतात. ४ तारखेला भारत थायलंडमध्ये सराव सामन्यात ०-२ हरला आणि १० तारखेला हाँगकाँगमध्ये पात्रता फेरीत भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. मला हे पटत नाही. थायलंडमध्ये संधी हुकल्या, हाँगकाँगमध्येही हुकल्या. दुखणं सराव सामन्याने दाखवलं, पण मध्ये दिवस उरले सहा. सहा दिवसांत आघाडीवीर घडत नाही.

म्हणून दुखणं शोधायचा सामना तीन-चार आठवडे आधी खेळा, तोही आपल्याहून भारी संघाशी. शेवटच्या आठवड्यातला सामना ही रंगीत तालीम. तिथे नवी रचना, नवा बॅक, नवा कर्णधार असले प्रयोग करू नका. एकच सामना मिळणार असेल तर तो आधीचा घ्या.

सगळ्यांना वीस-वीस मिनिटं

१२ फेब्रुवारी २००३ ला लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचे कोच स्वेन-गोरान एरिक्सन यांनी मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. सतरा वर्षांचा वेन रूनी त्याच दिवशी पहिल्यांदा देशाकडून खेळला. इंग्लंड १-३ हरलं. पुढच्याच वर्षी फिफाने मैत्रीपूर्ण सामन्यांत सहा बदलींची मर्यादा घातली.

आमच्याकडे मर्यादा नाही, पालक आहेत. ते कडेला उभे असतात आणि प्रत्येकाला आपलं पोरगं खेळलेलं बघायचं असतं. मग अठराही जण थोडं थोडं खेळतात आणि कुणाचीच कुणाशी गाठ बसत नाही. त्यापेक्षा समोरच्यांशी ठरवून तीन तुकड्यांचा सामना घ्या. पहिले दोन हाफ मुख्य संघ, आणि शेवटी अर्ध्या तासाची जादा तुकडी उरलेल्या पोरांसाठी. पालक खूश, कोचही मोकळा.

लाइनमनशिवाय खेळणं

ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. सराव सामन्यात शिटी बहुधा दोघांपैकी एका कोचच्याच तोंडात असते आणि लाइनवर कुणी नसतं. ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना समोरचा खेळाडू आपल्या बचावफळीच्या पुढे गेला होता का, हे अंदाजाने. आपले बचावपटू हात वर करून पुढे सरकतात, कोच शिटी वाजवतो, सगळ्यांना वाटतं सापळा छान जमला. स्पर्धेत झेंडा धरणारा माणूस ओळीत उभा असतो. आपला एक बॅक दीड पाऊल मागे राहिलेला त्याला दिसतो. झेंडा खाली आणि चेंडू जाळ्यात. पोरं हात वर करून उभीच!

पंच मिळत नसतील तर संघातल्या जखमी किंवा बाहेर बसलेल्या दोन पोरांच्या हातात रुमाल द्या आणि बचावफळीच्या ओळीत पळवा. झेंडा धरलेल्या पोराला बचावाची ओळ जितकी कळते तितकी फळ्यावर खडूने काढून कळत नाही. आमचा सध्याचा सेंटर बॅक घोटा दुखावला म्हणून महिनाभर असाच रुमाल घेऊन पळत होता.

त्याच बोलीवर कार्डंही ठेवा. 'जाऊ द्या, दोस्तीतला सामना आहे' म्हणून पंच कार्ड काढत नाही आणि मागून पाय घालायची सवय तशीच स्पर्धेत जाते. ९ ऑक्टोबर २०२५ ला पात्रता फेरीत सिंगापूरशी त्यांच्याच घरी खेळताना दुसरा हाफ सुरू होताच भारताचा बचावपटू संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं. भारत दहा जणांनिशी झुंजला आणि रहीम अलीच्या ९० व्या मिनिटाच्या गोलने १-१ सुटला. पण पाच दिवसांनी मडगावात सिंगापूरशीच परतीचा सामना होता तेव्हा त्या कार्डामुळे झिंगन नव्हता, भारत १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. सराव सामन्यात शेवटची वीस मिनिटं मुद्दाम एक माणूस कमी करून खेळा. कोण मागे येणार, कोण एकटा पुढे राहणार, हे त्या गडबडीत नाही, आधी ठरलेलं असावं.

कॉर्नरची रील

सामना पाचला संपतो, सातला पोरांच्या मोबाइलवर रील. त्यात आपला ठेवणीतला कॉर्नर पार्श्वसंगीतासह. राष्ट्रीय संघ उगाच बंद दाराआड खेळत नाहीत. रील पात्रता फेरीनंतर टाका.

पोट, बूट आणि 'चालतंय सर'

कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा पोरांनी दुपारी दीडला तांबडा-पांढरा ओरपला. सामना चारला. विसाव्या मिनिटाला आमची मधली फळी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि गोलकीपर खांबाला टेकला होता. रस्सा परतताना. सामन्याआधी तीन तास साधा भात-आमटी किंवा चपाती-भाजी, नंतर फार तर एखादं केळं.

स्पर्धा ज्या जमिनीवर आहे तशाच जमिनीवर सराव करा. आपल्या काळ्या मातीवर वाढलेला पाय कृत्रिम गवतावर दगा देतो. मुंबईच्या कूपरेजवर तसं गवत आहे, तिथे लांब स्टडचे बूट घालून उतरलेल्या पोराच्या टाचेला फोड येतात आणि गुडघाही अडकून पिळवटतो. आखूड, रबरी स्टडचे बूट आधीच वापरून सैल करून घ्या.

दुखापतीचं नशिबावर सोडू नका. ६ जून २०१४ ला जर्मनीने आर्मेनियाला ६-१ हरवलं, पण वर्ल्ड कपला निघायच्या आदल्या दिवशीच्या त्या सामन्यात मार्को रॉयसचा घोटा गेला. जर्मनीने वर्ल्ड कप जिंकला, रॉयस घरी होता. सामन्याआधी वीस मिनिटं फिफाचा '११ प्लस' व्यायाम करून घ्या, त्याला साहित्य फारसं लागत नाही. आणि "थोडं ओढतंय, पण चालतंय सर" हे वाक्य ऐकलं की त्या पोराला त्याच क्षणी बाहेर काढा. तो रुसेल. रुसू द्या.

सामना आणि स्पर्धा यांच्यात किमान चार-पाच दिवस ठेवा. आम्ही रविवारी सराव सामना खेळून मंगळवारी स्पर्धेत उतरायचो, पाय शिशासारखे.

स्कोअर लिहिला, बाकी विसरलं

माझ्या वहीत स्कोअर सगळ्यात शेवटी येतो. आधी येतं ते पोरांनी काय पाहिलं. गेल्या खेपेला कोल्हापुरात ०-३ खाऊन पॅसेंजरने परत येत होतो. हातकणंगलेपर्यंत कुणी तोंड उघडेना. भडंगाची पुडी फिरली, जयसिंगपूर आलं, तेव्हा आमचा लेफ्ट बॅक खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, "सर, त्यांचा सात नंबर दरवेळी आतच वळत हुता. मी उगंच बाहेरची बाजू धरून बसलो." मी वही काढली.