पसरणीने वर, केळघरने खाली: जुन्या ट्रकांच्या फेरीची तयारी

सातारा, पाचवड, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि केळघर-मेढ्यावरून परत सातारा हा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा फेरा जुन्या ट्रकांना एका दिवसात झेपतो. काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा आणि वार आठवड्यातला मधला. शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांमागे थांबत थांबत पसरणी चढायची म्हणजे रेडिएटर उकळणारच. पावसाळ्यात केळघरकडे दरडी येतात, तेव्हा या फेऱ्याचं नाव काढू नये.

पहिली तयारी मंडळींची. आठवडाभर आधी एकत्र बसून प्रत्येकाने आपल्या ट्रकचं दुखणं उघड सांगायचं: कुणाचा गिअर उतारावर सुटतो, कुणाचं स्टिअरिंग किती खेळतं, कुणाच्या ब्रेकच्या टाकीतली हवा रात्रीत उतरते. मित्रांपुढे इथे शेखी मिरवली की घाटात सगळ्यांचाच खोळंबा. या बैठकीत कंदी पेढे कोण आणणार हे पाच मिनिटांत ठरतं आणि जॅक कोण आणणार यावर तासभर जातो; तेवढा वेळ धरूनच बसावं.

सुटे भाग वाटून न्यायचे. टाटा-मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९ चा; त्या ट्रकांचे आणि नंतरच्या टाटा १२१० ट्रकचे बरेच भाग अजून हाती लागतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या डॉज-फार्गो ट्रकांचं तसं नाही. म्हणून डॉजवाल्याने पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि व्हील सिलिंडरची रबरं स्वतःची घ्यायची. होज, क्लिपा, फ्युजा, तार, ट्यूब-फ्लॅप, दहा टनी जॅक, साखळी आणि ब्रेक ऑइलचे सीलबंद डबे एकाच ट्रकमध्ये, आणि तो ट्रक सगळ्यांत शेवटी. सगळ्यांत संथ ट्रक पुढे, वेग त्याचा. शिवाय प्रत्येकाने शेजारच्याचा ट्रक सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालवून पाहावा. या गिअरबॉक्सना सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, नसते; डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा, आणि एखाद्याच्या पायात गोळा आला तर ऐन घाटात शिकवत बसता येत नाही.

आता ब्रेक. बाकी सगळं उरकून ब्रेक राहिले असतील तर फेरी पुढे ढकला. पाच टनांचा ट्रक सहाशे मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे आठ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. इंजिनाने ती धरली नाही तर ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. चारही ड्रम उतरवून लायनिंग, म्हणजे ड्रमला घासणारा थर, पाहायचं. रिव्हेटच्या डोक्यावर दीड मिलिमीटरही उरलं नसेल तर बदलायचं. व्हील सिलिंडरचं धुळीचं रबर उचलून आत ओल आहे का बघायचं. अॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवून, चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे घ्यायचा, आणि डावी-उजवी बाजू सारखी ठेवायची, नाहीतर ट्रक दरीकडे ओढतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं १४० च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. म्हणून जुनं पूर्ण काढून नवं भरायचं आणि हवा काढायची. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात नको, रबरं फुगतात. हवेची मदत असलेल्या ट्रकांच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढायचं.

उतरताना चढणीला लागला असता तोच गिअर, आणि तो घाटाच्या तोंडाशीच घालायचा. न्यूट्रल मारायचं नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही; डॉजच्या ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

चढणीसाठी रेडिएटर उलट्या दिशेने धुवायचा. बोअरचं पाणी भरू नये, क्षार बसतात. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला की दहा ते पंधरा मिलिमीटर दबावा. प्रत्येक ट्रकमागे वीस लिटर पाणी जवळ हवं. पेट्रोलवाल्यांनी जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम काढून इथेनॉल सोसणारे घालावेत, कारण हल्लीचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर खातं. डिझेलवाल्यांनी फिल्टर बदलून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची.

टायरचे गोटे, म्हणजे रस्त्याला टेकणारी नक्षी, शाबूत दिसले तरी कडेच्या भेगा बघा. टायर सुट्या लोखंडी रिंगने धरलेल्या चाकात हवा भरताना रिंग साखळीने बांधायची आणि समोर कुणी उभं राहायचं नाही. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावण्याआधी बघून घ्या. पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, म्हणजे साधारण पाचगणीत.

कागदांत फिटनेस, विमा आणि पीयूसी. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात दुचाक्या आणि मोटारी येतात, ट्रक नाहीत. त्या भरवशावर राहू नये. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, पोरं कितीही मागे लागली तरी.

पसरणीत धोमचं पाणी आणि पलीकडचा कमळगड दिसू लागला की सगळ्यांनाच थांबावंसं वाटतं. थांबा, पण वळणावर नको. चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि इंजिनखाली पत्र्याचा ट्रे सरकवा. जुनी इंजिनं गळतात. सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, ट्रक चढवायचा नाही. जांभ्यावरच्या बोटभर मातीत तेल मुरलं की तिथे गवतही धरत नाही.

मेढ्यात उतरल्यावर दहा मिनिटं थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा तापला असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. गार झाल्यावर अॅडजस्टर थोडा सैल करा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड तडकतं.