समुद्री काकडीच्या कॅप्सूल घेताय? या चुका टाळा

लंकावी फिरून आलेल्यांच्या बॅगेतून ‘गामात’ची बाटली निघतेच. समुद्री काकडी म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीसारखा दिसणारा प्राणी; मलेशियात तिला गामात म्हणतात. तिचं तेल जखमेला लावायची तिथली जुनी रीत. मग घरातलंच कुणी मोबाइलवर वाचून सांगतं, “यातली साखर सूज उतरवते म्हणे, आईच्या गुडघ्यांना लावू या.” घोळ इथून सुरू होतो.

ही साखर म्हणजे या प्राण्याच्या अंगातला साखळीसारखा लांब रेणू. ती पाण्यात विरघळते, तेलात नाही. तेव्हा तेल चोळून गुडघ्याला बरं वाटलं, तर श्रेय मालिशला द्या.

दुसरी चूक मेडिकलच्या दुकानात होते. या साखरेचं नाव फ्युकोसिलेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. लेबलवर ‘कॉन्ड्रॉइटिन’ दिसलं की लोक “हीच ती” म्हणून साध्या कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या घेतात. दोन्हींची मधली साखळी सारखी आहे खरी, अगदी आपल्या सांध्यांतल्या कूर्चेत (मऊ हाडात) असते तशी. पण समुद्री काकडीच्या साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात: फ्युकोज नावाची शर्करा आणि तिला चिकटलेलं सल्फेट. सगळी करामत या फांद्यांची. सूज येते तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवरून घरंगळत येतात, अडकतात आणि बाहेर पडतात. भिंत धरून असं घरंगळायला त्यांना सिलेक्टिन नावाची प्रथिनं लागतात. ही साखर त्यातल्या पी आणि एल सिलेक्टिनवर आधीच जाऊन बसते, की पेशीला धरायला जागाच उरत नाही. २००७ साली उंदरांवरच्या प्रयोगात हे दिसलं. फांद्या छाटल्या, तर गुणही गेला. साध्या कॉन्ड्रॉइटिनला या फांद्या नसतातच.

उंदरांना ती साखर टोचून दिली होती, हे मात्र जाहिरातीत येत नाही. एवढा थोराड रेणू पोटात गेल्यावर आतड्यातून अख्खाच्या अख्खा रक्तात फारसा उतरत नाही. समुद्री काकडीचं सूप आवडत असेल तर जरूर प्या, औषध म्हणून नको.

आणि सगळ्यात महागात पडू शकणारी चूक: “नैसर्गिकच आहे ना!” हीच साखर रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतही अडथळा आणते. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखं रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल, दाढ काढायची असेल, ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर कॅप्सूलची डबी डॉक्टरांसमोर ठेवा. नाव लक्षात राहत नाही, डबीच न्या.

लेबलवर ‘सॅपोनिन’ लिहिलं असेल तर ते वेगळं प्रकरण. त्यालाही शर्करा जोडलेली असते, पण ते या प्राण्याचं विष आहे. माशांना मारतं, तांबड्या पेशी फोडतं.

कुणी “कोकणातून ताजी आणून देतो” म्हणालं तर सरळ नाही म्हणा. भारतात २००१ पासून सगळ्याच समुद्री काकड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. श्रीलंकेत त्या परवान्यावर पकडता येतात. समोरच्या रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावर त्याच मालाची पोती तस्करीत पकडली जातात.