हृदयातलं मीठ मोजताना

एम.एस्सी. भौतिकशास्त्र करून एमआरआयकडे वळणारे विद्यार्थी मला विचारतात, सोडियम इमेजिंगसाठी आधी काय वाचू? मी सांगते, वाचन होईलच. आधी बाटलीभर मीठपाणी अचूक मोजायला शिका.

मी जर्मनीत ७ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) मशीनवर पीएच.डी. केली. विषय होता हृदयाच्या स्नायूतलं सोडियम. नेहमीचा एमआरआय पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतो, आम्ही सोडियम-२३ चा. निरोगी पेशीच्या आत सोडियम लिटरला १० ते १५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) असतं, बाहेर १४० च्या आसपास. हा फरक राखायला पेशीतला पंप अखंड सोडियम बाहेर फेकत असतो. हार्ट अटॅक येऊन रक्तपुरवठा तुटला की पंपाला ऊर्जा मिळत नाही आणि सोडियम आत साचतं. पुढे तिथे व्रण झाला की पेशींबाहेरची जागा वाढते, म्हणून आकडा चढाच राहतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता हे दिसू शकतं. याच ओढीने मी या विषयात आले.

अडचण सिग्नलची. तितक्याच संख्येची अणुकेंद्रकं घेतली तरी सोडियमचा सिग्नल हायड्रोजनच्या जेमतेम ९ टक्के भरतो. त्यात स्नायूत ते हायड्रोजनपेक्षा हजारो पटींनी कमी. आणि जो काही सिग्नल येतो त्याचा अर्ध्याहून मोठा भाग काही मिलिसेकंदांतच विरतो. त्यामुळे रेडिओलहरींचा पल्स दिल्यावर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत मोजणी सुरू करावी लागते. हायड्रोजनसारखी ओळीओळीने नाही, तर मध्यबिंदूपासून सगळ्या दिशांना किरणांसारखी. २००९ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने या किरणपद्धतीची जी सुधारित रीत प्रसिद्ध केली, ती नव्या माणसाने कागदावर स्वतः सोडवून पाहावीच.

७ टेस्लाची एक गंमत मला फार उशिरा उमगली. तिथे हायड्रोजनच्या सिग्नलची वारंवारता ३०० मेगाहर्ट्झच्या जवळ असते, शरीरात त्या लहरीची लांबी छातीपेक्षा आखूड पडते आणि चित्रात काळे डाग येतात. सोडियम मात्र ७९ मेगाहर्ट्झला, म्हणजे दवाखान्यातल्या दीड टेस्लाच्या मशीनवरच्या हायड्रोजनच्या जवळपास. चुंबकीय क्षेत्र वाढल्याचा फायदा मिळतो आणि हा त्रास फारसा होत नाही.

आता मीठपाण्याकडे येते. चित्रातला उजेड मिलिमोलमध्ये मांडायचा तर छातीजवळ माहीत असलेल्या प्रमाणाच्या बाटल्या ठेवतात. ५० मिलिमोलसाठी लिटरला २.९२ ग्रॅम मीठ. ते पाण्यासारखं हलू नये म्हणून अगारोजमध्ये घट्ट करतात. आपल्या घरातल्या चायना ग्रासचंच हे शुद्ध रूप. मी पावडर पाण्यात घालून पारदर्शक होईपर्यंत उकळली, बाटल्या भरल्या, लेबलं लावली. पुढचे तीन आठवडे प्रत्येक स्वयंसेवकाच्या हृदयात सोडियम कमी भरत होतं. मी कोड तपासला, कॉइल (सिग्नल पकडणारं तारेचं वेटोळं) तपासली, गणित दोनदा केलं. दोष उकळण्यात होता. पाण्याची वाफ गेली होती आणि लिटरचे ९०० मिलिलिटर झाले तर ५० चे जवळपास ५६ होतात. लेबलवर मात्र ५०. तेव्हापासून चंबू उकळण्याआधी आणि नंतर वजन करते आणि जेवढं पाणी उडालं तेवढं, मिश्रण गरम असतानाच, भरून काढते. साधी गोष्ट आहे, पण ती कोणत्याही पेपरात मला लिहिलेली सापडली नाही.

दुसरी गोष्ट ईसीजीची. माणूस टेबलावर बाहेर असतो तोवर आलेख पुस्तकातल्यासारखा. टेबल आत सरकवा, की टी-लाट (ठोक्यानंतरचा छोटा उंचवटा) फुगत जाते, कधी आर-लाटेएवढी (ठोक्याच्या उंच टोकाएवढी). रक्तात आयन असतात, ते चुंबकीय क्षेत्रातून वाहिले की विद्युतदाब तयार होतो, आणि महाधमनीत रक्त जोरात सुटतं ती वेळ नेमकी टी-लाटेच्या आसपासची. मशीन मग टी लाच ठोका समजतं. म्हणून नुसत्या ट्रिगरवर, म्हणजे ठोका ओळखून मोजणी सुरू करणाऱ्या इशाऱ्यावर, विसंबू नका. सगळा डेटा वेळेच्या नोंदीसह घ्या आणि ठोक्यांप्रमाणे नंतर वेगळा करा.

आणि भिंत पातळ आहे हे विसरू नका. हृदयाची भिंत साधारण सेंटिमीटरभर, आपल्या चित्राचा एकेक ठोकळा ५-६ मिलिमीटरचा, आणि शेजारी रक्त, ज्यात स्नायूच्या दुपटीच्या आसपास सोडियम. रक्ताचा उजेड भिंतीत सांडतो. ही दुरुस्ती न करता आकडा सांगणाऱ्या कुणावरही मी विश्वास ठेवत नाही, मग चित्र कितीही देखणं असो.

तयारीचं म्हणाल तर फूरिये रूपांतर (सिग्नलमधून चित्र बनवण्याचं गणित) हातात बसलेलं हवं, पायथन किंवा मॅटलॅब रोजच्या वापरातलं हवं, आणि सोल्डरिंगची भीती नको. सोडियमची कॉइल वेगळी लागते आणि अनेक गटांत ती प्रयोगशाळेतच बांधतात. जर्मनीत पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते. हायडेलबर्ग, एर्लांगन, व्युर्झबुर्ग, बर्लिन इथे ७ टेस्लाची यंत्रं आहेत. थेट गटप्रमुखांना लिहा, आणि पत्रात मार्कांपेक्षा तुम्ही हाताने काय मोजलंय ते आधी लिहा.

पहिल्या स्वयंसेवकाच्या वेळी टेबल सावकाश सरकवा. ७ टेस्लात झटकन गेलं की गरगरतं. आत जाण्याआधीच तसं सांगून ठेवा, मान हलवू नका म्हणा, आणि हातातला रबरी फुगा दाबला की आपण लगेच येतो हे त्यांना एकदा दाबायला लावून दाखवा.