फुटबॉलचा जुना हंगाम कसा अभ्यासावा: 2016-17 ची आय-लीग

जुन्या हंगामाची माहिती हवी असली की बहुतेक जण थेट अंतिम गुणतालिका उघडतात, विजेत्याचे नाव पाहतात आणि तिथेच थांबतात. माझे मत असे की गुणतालिका उघडण्यापूर्वी त्या हंगामात कोण खेळले आणि कोण खेळले नाही, हे पाहिले पाहिजे, कारण ते ठाऊक नसेल तर गुणांचे आकडे फारसे काही सांगत नाहीत. ही पद्धत दाखवण्यासाठी मी 2016-17 ची आय-लीग निवडली आहे. ती तेव्हा देशाची अव्वल साखळी स्पर्धा होती आणि तिच्याशी महाराष्ट्राचा व गोव्याचा फार जवळचा संबंध आहे.

सर्वप्रथम तारखा निश्चित कराव्यात. नावात 2016 असले तरी या हंगामाचे सर्व सामने 7 जानेवारी ते 30 एप्रिल 2017 या काळात झाले, त्यामुळे वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळताना 2016 च्या अंकांत सामन्यांची वृत्ते सापडणार नाहीत. त्याआधीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये इंडियन सुपर लीग खेळली गेली होती आणि आय-लीग संपल्यावर मे महिन्यात फेडरेशन कप झाला. अनेक खेळाडू या तिन्ही स्पर्धांत दिसतात, म्हणून एखाद्याचे गोल मोजताना स्पर्धेचे नाव प्रत्येक नोंदीसमोर लिहावे.

त्यानंतर संघांची यादी करावी. या हंगामात दहा संघ होते: ऐझॉल, मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू, शिलाँग लाजाँग, चर्चिल ब्रदर्स, चेन्नई सिटी, मिनर्व्हा पंजाब, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी. ही यादी आधीच्या हंगामाच्या यादीशेजारी ठेवावी आणि प्रत्येक फरकाचे कारण शोधावे. माझ्या मते सगळ्या अभ्यासातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे दोन्ही संघ आदल्या हंगामात होते, पण या हंगामात नाहीत. इंडियन सुपर लीगला अव्वल स्थान देण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या आराखड्याला विरोध करून त्यांनी माघार घेतली होती. दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून वर येण्याचा हक्क मिळवलेला धेंपो क्लबही उतरला नाही. 2007-08 ते 2012-13 या आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांचे जेतेपद धेंपो, चर्चिल आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांनीच आपसांत वाटून घेतले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या माघारीने केवढी पोकळी निर्माण झाली ते समजते. गोव्याच्या बाजूने उरला तो पुन्हा प्रवेश मिळालेला एकटा चर्चिल. ऐझॉलचा संघ तर आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला होता. संघांची संख्या कमी पडल्यामुळे त्याला परत बोलावण्यात आले.

आता गुणतालिका घ्यावी, पण विश्वास ठेवण्यापूर्वी ती तपासावी. दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळले, म्हणजे प्रत्येकाचे 18 आणि एकूण 90 सामने झाले. सर्व संघांच्या विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकी असली पाहिजे, केलेल्या गोलांची बेरीज स्वीकारलेल्या गोलांइतकी असली पाहिजे आणि बरोबरींच्या रकान्याची बेरीज सम संख्या आली पाहिजे. यातले एकही जुळले नाही, तर उतरवून घेताना कुठेतरी चूक झालेली आहे असे समजावे.

मग वरच्या दोन ओळी सावकाश वाचाव्यात. ऐझॉलचे 11 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव आणि 37 गुण होते. मोहन बागानचे 10 विजय, 6 बरोबरी, 2 पराभव आणि 36 गुण. बागानने 27 गोल केले व 12 स्वीकारले, तर ऐझॉलने 24 केले व 14 स्वीकारले. गोल जास्त करून, कमी स्वीकारून आणि पराभवही कमी पत्करून बागान दुसरा राहिला, कारण विजयाला तीन गुण असताना जास्तीच्या दोन बरोबऱ्यांची किंमत एका विजयाइतकी होत नाही. म्हणून बागानचे ते सहा बरोबरीचे सामने वेगळे काढून एकेक वाचावेत. जेतेपद तिथेच निसटले.

पुढची पायरी म्हणजे शेवटाकडून मागे जाणे. अंतिम तालिकेतून शेवटच्या फेरीचे निकाल वजा केले की ऐझॉल 36 आणि बागान 33 गुणांवर येतात. आणखी एक फेरी मागे गेले की 16 सामन्यांनंतर दोघेही 33 गुणांवर उभे असलेले दिसतात. त्या दोन फेऱ्यांमध्ये आहे 22 एप्रिलचा ऐझॉल विरुद्ध मोहन बागान सामना. ऐझॉलच्या राजीव गांधी मैदानावर 83 व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टेने हेडरवर गोल केला आणि ऐझॉल 1-0 ने जिंकला.

शेवटच्या दिवसासाठी दोन रकाने आखून दोन्ही सामन्यांची मिनिटे समोरासमोर लिहावीत. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये ऐझॉलविरुद्ध लाजाँगच्या दिपांदा डिकाने 9 व्या मिनिटाला गोल केला. हाच डिका 11 गोलांसह हंगामातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. कोलकात्यात बागानने चेन्नई सिटीला 2-1 असे हरवले. ऐझॉल हरला असता तर दोघांचेही 36 गुण झाले असते, म्हणून समान गुण झाल्यास आधी गोलफरक पाहायचा की आपसांतील सामने, हे त्या वर्षीच्या नियमावलीत अवश्य पाहावे. ती वेळ आली नाही, कारण 67 व्या मिनिटाला ऐझॉलच्या विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना 1-1 असा संपला. ईशान्य भारतातील क्लबाने देशाची साखळी स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे करताना मैदानाचे नाव प्रत्यक्ष तपासावे. त्या वर्षी 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी सॉल्ट लेक स्टेडियमचे काम सुरू होते, त्यामुळे बागान रवींद्र सरोवरावर, ईस्ट बंगाल बारासातला आणि त्यांच्यातील लढती सिलीगुडीला झाल्या. बागान आणि बंगळुरू एएफसी कप ही आशियाई क्लबांची स्पर्धाही खेळत होते. त्या सामन्यांच्या तारखा आपल्या तक्त्यात घातल्याशिवाय या दोन संघांची दमछाक नीट कळत नाही.

माणसांचा माग काढताना मराठी वाचकाने प्रशिक्षक खालिद जमील यांच्यापासून सुरुवात करावी. 2009 पासून मुंबई एफसीचे प्रशिक्षक असलेले जमील या हंगामाआधी ऐझॉलकडे गेले. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही ऐझॉलच्या विजेत्या संघात होते आणि गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. तालिकेची पहिली आणि दहावी ओळ अशी जोडून वाचताना मला आजही वाईट वाटते, कारण मैदानावर खेळणाऱ्यांची आणि त्यांना घडवणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नव्हती.

शेवटी पुढच्या तीन वर्षांच्या नोंदी त्याच वहीत कराव्यात. मिनर्व्हा या हंगामात नववा होता आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. चेन्नई सिटीने 2018-19 चे जेतेपद मिळवले. बंगळुरू इंडियन सुपर लीगमध्ये गेला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स दोन्ही बंद पडले, आणि 2017-18 च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता.