कापूस वेचणीचं अ‍ॅप, प्ले स्टोअरचे नियम आणि आमचा चालू असलेला वाद

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातली पॉलिटेक्निकची, बीसीएची पोरं अधूनमधून फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. कोटलिन (अँड्रॉइडची भाषा) शिकू की फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बांधायचं साधन)? क्लास कोणता लावू? अमरावतीला खोली करून राहावं लागेल का? याची उत्तरं यूट्यूबवर ढिगाने पडली आहेत. फोन आणि टॅबवर आपल्याला काय करू दिलं जात नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. गावात बसून स्वतःचं अ‍ॅप काढायचं असेल तर कोडपेक्षा जास्त वेळ तिथेच जातो, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं अ‍ॅप वेचणीच्या हिशेबाचं. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी जोरात येते. बाया सकाळी वावरात येतात, संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, प्रत्येकीचं गाठोडं मोजलं जातं आणि किलोच्या भावाने मजुरी धरली जाते. पैसे बाजाराच्या दिवशी. मधल्या काळात कुणी उचल घेतलेली असते, कुणाचं मंगळवारचं वजन वहीत चढवायचं राहिलेलं असतं, आणि बाजाराच्या सकाळी त्यावरून तोंडं वाजतात. अ‍ॅपमध्ये एवढंच: नाव, वजन, भाव, उचल, शिल्लक. वावरात रेंज नाही म्हणून सगळं ऑफलाइन.

काटा झाला की त्या बाईच्या घरच्या फोनवर आपोआप मेसेज जावा, असं मनात होतं. कोड लिहायला दहा ओळी लागतात. पण गूगलने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मेसेज आणि कॉल लॉगच्या परवानग्या आवळायचं जाहीर केलं, तेव्हापासून प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपला ती परवानगी सहज मिळत नाही. तुमचं अ‍ॅप फोनचं मुख्य मेसेजचं अ‍ॅप असेल किंवा ठरवून दिलेल्या अपवादांत बसत असेल, तरच. मजुरीचा हिशेब त्यात बसत नाही. रस्ता असा आहे की परवानगी मागायचीच नाही. मजकूर तयार करून फोनचंच मेसेजचं अ‍ॅप उघडून द्यायचं, पाठवायचं बटण शेतकरी स्वतः दाबतो. नंबर निवडायलाही तसंच. सगळे कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी न मागता फोनचीच नाव निवडायची खिडकी उघडायची, माणूस एकच नाव निवडतो आणि तेवढंच अ‍ॅपला कळतं. बॅकअपची फाइल कुठे ठेवायची तेही वापरणाऱ्यालाच विचारायचं, सगळं स्टोरेज मागायचं नाही. नवख्यांनी या तीन गोष्टी आधी शिकून घ्याव्यात. क्लासमध्ये त्या सहसा शेवटच्या आठवड्यात उरकतात.

प्रत्येक बाईच्या मेसेजला एक टॅप जास्त लागतो आणि शेतकरी त्यावर कुरकुरतात. तरी या बंधनाच्या बाजूने मी आहे. कर्जाच्या अ‍ॅपनी लोकांचे कॉन्टॅक्ट उचलून मामा-मावश्यांना, सोयऱ्यांना फोन लावून अब्रू घेतली, हे काही फार जुनं नाही. अशा अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला प्ले स्टोअरवर बंदी आली ती २०२३ च्या मे अखेरीस.

आता प्ले स्टोअरवर डेव्हलपरचं खातं उघडण्याबद्दल. २५ डॉलर, एकदाच. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असावा लागतो, प्रीपेड कार्ड चालत नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, दहावीच्या मार्कशीटवर तिसरं आणि वडलांचं नाव कधी आधी कधी मागे, असा कारभार असतो. अ‍ॅपचं पहिलं पान लिहिण्याआधी हे सरळ करून घ्या. आणखी एक, वैयक्तिक खात्यावरून पैसे कमवायला लागलात की तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. मुलींनी हा मुद्दा घरी बोलूनच ठरवावा.

खरी कसोटी चाचणीची. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते, म्हणजे निवडक माणसांच्या फोनवर ते आधी चालवून बघायचं. सुरुवातीला २० माणसं लागायची, २०२४ च्या डिसेंबरपासून १२, आणि ती सलग १४ दिवस चाचणीत राहिली पाहिजेत. मध्येच बाहेर पडली तर चालत नाही. शहरात बारा माणसं म्हणजे हॉस्टेलचा एक मजला. गावात बारा फोन मिळतात, जीमेल मिळत नाही. काका-मामांच्या फोनवरचं खातं मोबाइल दुकानवाल्याने उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही, आणि एकाच खात्यावर घरातले दोन फोन चालतात. एका आजोबांचं खातं शोधायला गेलो तर नाव निघालं दुकानवाल्याच्या पुतण्याचं. शेवटी महिला बचत गटाच्या बाया कामी आल्या. त्यांच्याकडे स्वतःचे फोन होते, स्वतःची खाती होती, आणि हिशेब चुकला तर त्या तोंडावर सांगत होत्या. पैसे घेऊन बारा चाचणीदार पुरवणाऱ्यांच्या जाहिराती दिसतील. त्या फंदात पडू नका. अ‍ॅप न उघडणारे बारा जण तुमच्या काही कामाचे नाहीत, आणि पुढे सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज करताना चाचणीत काय कळलं हे गूगल विचारतं.

आमचा वाद इथूनच पेटतो. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र आता पुण्याला कंपनीत आहे आणि दुसरा इथेच, कृषी केंद्रांसाठी स्टॉकचं अ‍ॅप बनवतो. इथला मित्र प्ले स्टोअरच्या वाटेलाच जात नाही. एपीके, म्हणजे स्टोअरशिवाय थेट फोनवर टाकता येणारी फाइल, बनवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्याचं म्हणणं त्याच्याच भाषेत: "काऊन बे, फोन शेतकऱ्याचा, अ‍ॅप माह्यं, अन् परवानगी गूगलची काऊन पायजे?" बोलणं खोटं नाही. लॅपटॉपवर कुणीही कुठलंही सॉफ्टवेअर टाकतो, तिथे कुणी अडवत नाही. फोन आणि टॅबवर ही पद्धत उलटी आहे. आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा बाहेरच्या माणसाला त्यावर अ‍ॅप टाकताच येत नव्हतं, वेब पानं बनवा म्हणून सांगितलं होतं. २००८ च्या जुलैत अ‍ॅप स्टोअर उघडलं ते फाटक ठेवूनच. २०१० मध्ये तर अ‍ॅपलने कोणत्या भाषेत कोड लिहायचा हेसुद्धा बांधून घातलं होतं, काही महिन्यांनी ते सैल केलं. तेव्हाचा नियम टिकला असता तर आज फ्लटर शिकायला निघालेल्या पोरांचा आयफोनचा रस्ता बंद होता.

पुण्याचा मित्र म्हणतो, एपीकेचं कौतुक गावाकडच्या लोकांनी तरी करू नये. पीएम किसानच्या नावाने एपीके येतं, ई-चलानच्या नावाने येतं, लग्नपत्रिका म्हणून येतं, उघडलं की मेसेज वाचून ओटीपी पळवतं आणि खातं रिकामं. तीच वाट, तोच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. शेतकऱ्याने खरं-खोटं ओळखायचं कसं? एपीके टाकताना प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे गूगलच्या सुरक्षा तपासणीचा, इशारा आला की आपणच सांगतो, 'काही होत नाही, पुढे जा दाबा.' ही सवय आपणच लावतो, आणि पुढच्या वेळी तेच बटण चोराच्या अ‍ॅपसाठी दाबलं जातं. मला हा मुद्दा जास्त पटतो. मी एपीके वाटत नाही.

पण म्हणून सगळीच बंधनं एका पारड्यात घालता येत नाहीत. गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर स्टोअरबाहेरून येणारं अ‍ॅपसुद्धा ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच लागेल. सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमधून सप्टेंबर २०२६ ला, पुढे २०२७ पासून बाकीचं जग. मुक्त सॉफ्टवेअरची अ‍ॅप देणाऱ्या एफ-ड्रॉइडने याला कडाडून विरोध केला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये गूगलने विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोजक्या फोनपुरतं वेगळं खातं आणि जाणत्या वापरकर्त्यांसाठी धोका पत्करून पुढे जायची वाट ठेवू असं सांगितलं. कृषी केंद्रवाल्या मित्राला मी म्हणतो, ओळख देऊन टाक, तुला लपवायचं काय आहे? तो म्हणतो, आज ओळख मागतात, उद्या भाडं मागतील. या भीतीला पुरावा नाही असं मी म्हणू शकत नाही.

कारण भाड्याचा प्रकार आपण पाहिलेला आहे. अ‍ॅपच्या आत डिजिटल वस्तू विकली, म्हणजे व्हिडिओचे धडे, सदस्यत्व, तर स्टोअर आपला वाटा घेतं. वर्षाला पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५ टक्के, त्यापुढे साधारण ३० टक्के; प्लेवर सदस्यत्वाला मात्र १५ च. अ‍ॅपलच्या १५ टक्क्यांसाठी छोट्या व्यवसायाच्या योजनेत नाव नोंदवावं लागतं. भारतात स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्ले स्टोअरचंच पेमेंट वापरायच्या सक्तीवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, अपिलात तो २०२५ च्या मार्चमध्ये २१६.६९ कोटींवर आला. दरम्यान दुसरं पेमेंट वापरायची मुभा मिळाली, पण कमिशन कमी झालं फक्त ४ टक्क्यांनी. मार्च २०२४ च्या पहिल्या तारखेला फी न भरल्याच्या कारणावरून नोकरी आणि लग्न जमवणाऱ्या नावाजलेल्या भारतीय अ‍ॅपनाही स्टोअरवरून उतरवलं होतं, सरकार मध्ये पडल्यावर ती परत आली. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपण कुणाला फोन लावणार?

नवख्यांसाठी यातली कामाची गोष्ट अशी की प्रत्यक्षातली वस्तू किंवा सेवा विकली तर हे कमिशन लागत नाही. बियाण्याची बुकिंग, संत्र्याच्या पेट्या, ट्रॅक्टरचं भाडं यांचे पैसे यूपीआयने सरळ घ्या. माझं अ‍ॅप फुकट आहे, मी पैसे घेतो ते जिनिंगवाल्यांना आणि मोठ्या शेतकऱ्यांना हिशेबाची व्यवस्था बसवून देण्याचे.

टॅबबद्दल थोडं. नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेने नीट, जेईईच्या पोरांना टॅब दिले, त्यामुळे आता खेड्यातही काही घरांत मोठी स्क्रीन दिसते. अँड्रॉइड १६ ला लक्ष्य करणाऱ्या, म्हणजे त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या, अ‍ॅपला मोठ्या स्क्रीनवर 'फक्त उभंच दिसेन' असा हट्ट धरता येत नाही, सिस्टीम ते सहसा जुमानत नाही. पान आडवं केल्यावर नीट दिसतंय ना, ते बघा. संस्थेने दिलेल्या टॅबवर बऱ्याचदा बाहेरचं अ‍ॅप टाकायला कुलूप असतं, ते तोडायच्या युक्त्या शोधत बसू नका. आणि दरवर्षी ऑगस्टअखेर लक्ष्याचं अँड्रॉइड वाढवावं लागतं, याला घाबरू नका. लक्ष्य नवं ठेवूनही किमान आवृत्ती जुनी ठेवता येते, बापाचा जुना फोन त्यात बसतो.

आयफोनचं गणित वेगळं. वर्षाला ९९ डॉलर, दरवर्षी. वर अ‍ॅप बांधायला मॅक लागतो. आमच्या तालुक्यातल्या वावरात आयफोन दिसतच नाही, पण शेत इथे आणि मालकाचा पोरगा हिंजवडीत, अशी घरं आहेत, आणि त्या पोराला हिशेब बघायचा असतो. त्यांच्यासाठी मी वेब पान बनवलं आणि होम स्क्रीनवर ठेवायला सांगितलं. नुसतं सफारीत उघडणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. साइट न उघडता सफारी आठवडाभर वापरला तर तो त्या पानाने फोनमध्ये साठवलेली माहिती पुसून टाकतो. वेचणी फेब्रुवारीत संपली की पुढच्या दिवाळीपर्यंत हे पान कुणी उघडत नाही, म्हणून खरा हिशेब सर्व्हरवरच ठेवतो आणि आयफोनवर फक्त दाखवतो.