कळतं सगळं, पण तोंड उघडत नाही: इंग्रजी नसलेल्या देशातला माझा सराव

नोकरीसाठी मी ज्या देशात आले तिथे बसमध्ये, दुकानात, ऑफिसात कुठेच इंग्रजी चालत नाही. इथली भाषा शिकणं भागच होतं, ती शिकले. दोन वर्षांनी एका नव्या कामासाठी इंग्रजीत मुलाखत द्यायची वेळ आली आणि ‘सध्या मी काय काम करते’ एवढं सांगतानाही माझी गाडी अडली. ‘पण’, ‘म्हणजे’, ‘मग’ असले बारके शब्द इथल्या भाषेतलेच तोंडात येत होते. ते काम मिळालं नाही. धक्का त्याहून मोठा होता, कारण मी रोज इंग्रजी बातम्या ऐकत होते, वाचत होते, आणि आपलं इंग्रजी शाबूत आहे असंच धरून चालले होते.

कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी अभ्यास केला होता. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून मुलांना ती उत्तम कळत होती, बोलताना मात्र चुका राहत होत्या. स्वतः वाक्य जुळवून बोलावं लागतं तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते लक्षात येतं, असं त्यांनी १९८५ मध्ये मांडलं. हे वाचलं आणि माझं कुठे चुकत होतं ते कळलं. ऐकणं सोडू नका, पण त्याला बोलण्याचा सराव समजू नका.

मग बोलायचं कुणाशी? सुरुवातीला कुणाचीच गरज नसते. इंग्रजी किती येतं ते तपासणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेतल्या तोंडी मुलाखतीचा दुसरा भाग मी रोजच्या सरावासाठी उचलला. तिथे एक विषय देतात, विचाराला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. परीक्षा द्यायची नसली तरी हा साचा फार उपयोगी आहे. मी विषय स्वतःच्या दिवसातलेच घेतले: आज काय बिघडलं, कुणाला काय समजावून सांगावं लागलं. पहिल्या आठवड्यात चाळीस सेकंदांत शब्द संपायचे. तेव्हा थांबू नका, अडलेला शब्द सोपा करून सांगा. ‘गंज’ला शब्द आठवला नाही तर ‘लोखंडावर पाण्याने चढणारा तपकिरी थर’ असं इंग्रजीत म्हणा. प्रत्यक्ष संभाषणात हीच सवय सर्वांत जास्त कामी येते.

एकच विषय आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायचा, अशीही एक पद्धत आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी तिच्यावर लिहिलं आहे. मूळ पद्धतीत प्रत्येक वेळी ऐकणारा बदलतो. मी फोनलाच श्रोता केलं. तिसऱ्या खेपेला वाक्यं आपोआप सुटसुटीत होतात, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही.

रेकॉर्डिंग मात्र कराच. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं होतं, तरी ऐका. आपण मराठी माणसं ‘पिन’ म्हणताना ‘प’ कोरडा ठेवतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क बरोबर हवेचा झोत सुटतो. तो नसला तर इंग्रजी कानाला ‘पिन’चं ‘बिन’ ऐकू येऊ शकतं. तोंडासमोर पातळ कागद धरा: ‘पिन’ला तो हलायला हवा, ‘स्पिन’ला जवळजवळ स्थिर राहायला हवा. व आणि व्हचंही तसंच. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल होतात, ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशात बघून हे आठवड्याभरात कळतं, जिभेला वळण लागायला महिने जातात.

याहूनही महत्त्वाचा आहे आघात, म्हणजे शब्दाच्या एका भागावर दिलेला जोर. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारातल्या पहिल्या तुकड्यावर असतो, ‘फटॉग्रफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि आजूबाजूचे स्वर पुसट होतात. जोर चुकला की ओळखीचा शब्दही समोरच्याला कळत नाही. म्हणून नवा शब्द वहीत लिहिताना जोर असलेल्या अवयवाखाली रेघ मारा.

हा जोर अंगवळणी पडावा म्हणून मी रेकॉर्डिंगचा एक छोटा भाग घेऊन बोलणाऱ्याच्या मागोमाग, सावलीसारखं, त्याच चालीत बोलत जायचे. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओचा १९५९ मध्ये सुरू झालेला ‘स्पेशल इंग्लिश’ हा संथ गतीचा, सुमारे दीड हजार शब्दांत बसवलेला कार्यक्रम याच कामाचा होता. अशा संथ रेकॉर्डिंगने सुरुवात करा. पूर्ण वेगाच्या मुलाखतींमागे लगेच धावलात तर नुसती बडबड होते.

तीन महिन्यांनी जोडीदार शोधला. तीही माझ्यासारखीच शिकणारी होती, इथलीच. दोघी शिकाऊ असल्या की एकमेकींच्या चुका उचलतील, ही भीती मला होती. माझ्या बाबतीत तसं झालं नाही, कारण आम्ही नियम पाळले. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास इथली भाषा, घड्याळ लावून. घड्याळ नसलं की जी भाषा दोघींना सोपी ती सगळा वेळ खाते. वाक्य चालू असताना टोकायचं नाही, शेवटी फक्त तीन चुका सांगायच्या. आणि विषय आदल्या दिवशी ठरवायचा, नाहीतर दर वेळी ‘कशी आहेस’ यातच वेळ जातो. मराठी मैत्रिणीशी हाच प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळा पाचव्या मिनिटाला आम्ही मराठीत होतो. म्हणून सरावाला अशी व्यक्ती निवडा जिला मराठी येत नाही.

सध्या आम्ही दोघी कॅमेरा बंद ठेवून बोलतो. ओठ आणि हातवारे दिसत नसल्याने पहिल्या दिवशी निम्मं बोलणं पुन्हा विचारावं लागलं. ‘जरा वेगळ्या शब्दांत सांगशील?’ हे इंग्रजीत न बिचकता विचारणं मी त्या आठवड्यात शिकले.